हिराआत्या आन् गोळीबाराचं मैदान

आमची हिराआत्या म्हंजी काय बाई होती, सांगतो. दौंडच्या माळावर मेंढरं राखायची. एकदा कळप तुटक्या तारेतून जवानांच्या गोळीबाराच्या मैदानात घुसला. सराव सुरू व्हायच्या बेतात होता. आत्या धावली, तसा पहाऱ्यावरचा जवान ओरडला, "मावशी, थांबा! आत पाय टाकलात तर खटला होईल, तुरुंगात जाल!"

"मी कुठं आत येतीय? पण मेंढरांना कुठला कायदा?"

तारेबाहेरूनच तिनं लांब हाळी दिली. सगळा कळप धावत बाहेर आला. एक कोकरू मात्र आत खड्ड्यात अडकून ओरडत राहिलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी पाय जागचा हलला न्हाई.

जवानानं वायरलेसवरून सराव थांबवायला लावला. म्हणाला, "मावशी, तुम्ही कायदा पाळलात. आता आत जायचं काम माझं."

आन् कोकरू खांद्यावर घेऊन आला.