तिसरं कोटेशन

विषय — चर्चच्या पांढऱ्या, पंधरा आसनी व्हॅनचे ब्रेक. संदर्भ — आपण आत्ता, या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या केलेली तोंडी विचारणा, की ती गाडी लिफ्टवर अशी का टांगलीय आणि मी तिच्याकडं इतका का बघतोय. उत्तर देतो. असे दचकू नका, चौतीस वर्षं नगर कार्यालयात कारकून होतो, विषय-संदर्भ लावल्याशिवाय मला बोलता येत नाही — बायको असती तर तिनं सांगितलं असतं, पण तिला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमचं नुसतं टायरच आहे ना? मग वेळ आहे. रे टोमकोला टायर बदलायला दीड तास लागतो, त्यातला एक तास तो टायरशी बोलण्यात घालवतो. आणि ती कॉफी पिऊ नका. ती सकाळची आहे, पण कुठल्या सकाळची ते रेलाही सांगता येणार नाही.

तर व्हॅन. व्हॅन चर्चची, म्हणजे कुणाचीच नाही. रविवारी म्हाताऱ्यांना चर्चला आणायची, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, शुक्रवारी पिरोग्या पोचवायच्या, आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार पाच जणांना अठरा मैलांवर डायलिसिसला न्यायचं. पिरोगी माहीत आहे ना? करंजीसारखी, आत बटाटा आणि चीज. तळघरात बारा बायका पहाटेपासून त्या वळत बसतात आणि त्या विकून आलेल्या पैशावर ही गाडी चालते. बायकांना वाटतं, गाडी पेट्रोलवर चालत नाही, त्यांच्यावर चालते — आणि हिशेब बघितला तर, चिडू नका, त्यांचं बरोबर आहे. वर एक समिती आहे. पाच माणसं. एकाला ऐकू येत नाही, एकाला ऐकायचं नसतं, दोघं फ्लोरिडात असतात आणि तिथून संमती कळवतात, कशाला ते न वाचता. पाचवा मी. चिटणीस. म्हणजे समिती मीच.

मागच्या ऑक्टोबरात रेनं मला फोन केला आणि बोलावून गाडीखाली उभं केलं. या वयात मला वर मान करून उभं करायचं म्हणजे — पण असो. त्यानं बॅटरीच्या उजेडात ब्रेकच्या नळ्या दाखवल्या. आमच्याकडं नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यांवर मीठ ओततात, बर्फ वितळावा म्हणून. बर्फ वितळतो, आणि त्यामागोमाग गाड्याही वितळतात. रेनं नळीवर अंगठा घासला तर पापुद्रे पडले, माझ्या चष्म्यावर. तो म्हणाला, या सगळ्या बदलायला हव्यात, आत्ताच, सहाशे ऐंशी डॉलर, हिवाळा काढणार नाहीत. रेचं बोलणं असंच, प्रत्येक वाक्य म्हणजे मृत्युपत्र. त्याचा बापही असाच होता. मी म्हटलं, लेखी द्या. त्यानं दिलं — वहीचा फाडलेला कागद, वर ग्रीसचा अंगठा, तारीख नाही. तारीख मी घातली.

आता यात करायचं काय होतं? कुठलाही अडाणी माणूस म्हणेल, करून टाकायचं. पण नियम आहे. पाचशे डॉलरच्या वरच्या कामाला तीन लेखी कोटेशनं. नियम कुणी केला? मी केला. का केला? कारण एके काळी इथल्या एका फादरनी चर्चचं छप्पर आपल्या मेहुण्याकडून घालून घेतलं होतं आणि ते तीन वर्षं गळत होतं, नेमकं बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या जागी. त्यानंतर छप्पर गळलेलं नाही. नियमाचं यश हे असं मोजायचं असतं — लोकांना ते दिसत नाही, कारण न गळणारं छप्पर कुणी वर बघून मोजत नाही. तर तीन. पहिलं रेचं. दुसरं हायवेवरच्या गॅरेजचं, नऊशे दहा, छापील, वर हसणाऱ्या पान्याचं चित्र. ज्या गॅरेजनं पान्याला हसवलंय त्यांना मी गाडी देईन का? नाही. पण कोटेशन म्हणून ते वैध. तिसरं मागवलं नदीपलीकडच्या वॉल्ट काइझरकडून. वॉल्टचं उत्तर आलं नाही. डिसेंबरात स्मरणपत्र पाठवलं. जानेवारीत दुसरं.

तोपर्यंत गाडी चालू होती. चेट मिख्ना चालवत होता. चेट आमचा ड्रायव्हर, मोफत, आणि दिलेल्या पैशाच्या मानानं ठीकच. त्याला सांगितलं होतं, पेडल मऊ लागलं तर दोनदा दाबायचं. तो म्हणाला, साहेब, तीनदा दाबतोय. मी नोंद केली.

मला कसं माहीत म्हणता? मी गाडीतच असायचो. सोमवार, बुधवार, शुक्रवार. नाही, माझी मूत्रपिंडं उत्तम आहेत, चौकशीबद्दल आभार. मैलांच्या नोंदवहीसाठी जायचो. मीटरवरचा आकडा जाताना आणि येताना लिहायचा — चेटला आकडा वाचता येतो, पण लिहिताना तो सातचा एक करतो. म्हणून मी. मग तिथं पोचल्यावर चार तास काय करणार, तर ओल्गा फेडोर्कोच्या मशीनशेजारी बसायचो. तिथं खुर्ची होती म्हणून. ओल्गा म्हणजे तळघरातल्या बायकांची पुढारी, वय ब्याऐंशी, पिरोगीची कड अशी दाबते की उकळत्या पाण्यातसुद्धा सुटत नाही, आणि पत्त्यांत उघड उघड लबाडी करते. मी तिला पेपर वाचून दाखवायचो. तिचा एक हात मशीनला बांधलेला, पान उलटता येत नाही. हवामान, नगर परिषद — त्यातल्या चुका मी वाचता वाचता दुरुस्त करायचो — आणि शेवटी मृत्यूंच्या बातम्या. त्या तिला शेवटी लागतात, गोडासारख्या. अमुक गेला, वय इतकं, मागं इतकी नातवंडं, मग ती म्हणणार, अरे हा तर माझ्याबरोबर नाचला होता. गावात तिच्याबरोबर न नाचलेला पुरुष एकच, तो मी. कारकुनाला कोण नाचायला बोलावणार. वॉल्ट काइझरची बातमीही मीच वाचली होती. डिसेंबरात. नाताळच्या आधीच्या शुक्रवारी.

हो. दुसरं स्मरणपत्र त्यानंतरचं.

असं बघू नका माझ्याकडं. पत्र वॉल्टला नव्हतं, त्याच्या गॅरेजला होतं. माणूस मरतो, दुकान मरतंच असं नाही. मुलगा असेल, जावई असेल, कुणीतरी टपाल उघडत असेल. नियमात तीन लिहिलंय, तीन जिवंत माणसांची असं कुठं लिहिलंय? आणि मला सांगा, त्या एका वेळी मी नियम सोडला असता, तर पुढच्या वेळी कुणाच्या मेहुण्यानं — जाऊ द्या. तुम्ही बाहेरगावचे. ओहायोची पाटी आहे ना गाडीवर? तिथं मेहुणे नसतीलच.

अकरा फेब्रुवारी, बुधवार. येताना. नदीवरून वर आलं की आमची मिल स्ट्रीट खाली उतरते, सरळ, थेट लाँड्रीच्या दारात. वरच्या टोकाला चेटनं ब्रेक दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा पेडल जमिनीला टेकलं आणि तिथंच राहिलं. चेट काही बोलला नाही, आणि चेट गप्प बसला तेव्हाच मला कळलं, कारण तो एरवी झोपेतही बोलतो. हँडब्रेक ओढला, तो हातात आला — म्हणजे दांडा आला, ब्रेक मागंच राहिला. मी मैल मोजत होतो. खरंच. वही उघडी होती, आणि माझ्या डोक्यात काय होतं, की आकडा आत्ताच लिहावा, नंतर राहून जाईल. लोक म्हणतात आयुष्य डोळ्यांसमोरून जातं. माझं गेलं असेल तर मी ते बघितलं नाही, मी मीटर बघत होतो. तर चेटनं — माणूस मूर्ख आहे, पण हात शहाणे आहेत त्याचे — लाँड्रीच्या अलीकडं गाडी डावीकडं घातली, नगर परिषदेच्या आवारात, आणि ती शिरली मिठाच्या ढिगात. रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या. बॉनेटपर्यंत. ज्या मिठानं नळ्या खाल्ल्या त्यानंच आम्हाला धरलं. मागचे चौघं सीटबेल्टमध्ये लटकलेले, शिव्या देत, म्हणजे ठणठणीत. ओल्गाचं मनगट पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. उजवं. पिरोगीचं.

काचेवरून मीठ घसरत होतं, त्याचा आवाज. मी मागं वळलो. ओल्गानं ते मनगट छातीशी धरलेलं, टोपी वाकडी झालेली, आणि ती अगदी हळू, पेपर वाचून संपल्यावर विचारते तशी म्हणाली,

"लेन, तिसरं कोटेशन आलं का रे?"

बस. एवढंच. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडं उत्तरं असतात.

आता रेचा नवा कागद ऐका. सगळ्या नळ्या, मास्टर सिलिंडर, पुढची-मागची डिस्क, कॅलिपर, हँडब्रेकची केबल, आणि मिठातून ओढून आणल्याचं वेगळं. चार हजार एकशे वीस. सहाशे ऐंशीवरून. मी त्याला म्हटलं, दरोडा आहे हा. तो गाडीखालूनच म्हणाला, साहेब, दरोडा नाही, व्याज आहे. गॅरेजवाला विनोद करायला लागला की समजावं त्यानं पैसे मनात खर्चून टाकलेत. समितीची बैठक मी घेतली. ऐकू न येणाऱ्यानं होकार दिला, फ्लोरिडावाल्यांनी होकार दिला, आणि मग कळलं की खात्यात नऊशे तीस आहेत. बायका या वर्षी पिरोग्या निम्म्याच करू शकल्या — कड दाबणारी बाई प्लास्टरमध्ये. त्या बारा जणी मला रस्त्यात भेटल्या की पलीकडच्या फुटपाथवर जातात. बारा बायका एकदम रस्ता ओलांडतात, रहदारी थांबते. मग मी बाकीचा चेक माझ्या बँकेचा दिला. एकाच कोटेशनवर. नियमाचा उघड भंग, चिटणीसाकडूनच, तसं इतिवृत्तात लिहिलंय. उसने म्हणून दिलेत. बिनव्याजी. मूर्खपणावर व्याज आकारायची पद्धत नाही, नाहीतर हे गाव केव्हाच माझं झालं असतं.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही विचारलंत म्हणून. नाही, एवढं नव्हतं विचारलंत, खरं आहे.

गाडी बंद, तर ओल्गा जाते कशी, हे विचारणार होतात ना? दवाखान्याची भाड्याची गाडी येते. पहाटे पाचला उचलते, तीन गावं फिरते, आणि अंधार पडल्यावर दारात सोडते. चार तासांच्या मशीनला चौदा तास. ब्याऐंशीव्या वर्षी. मला त्या गाडीत घेत नाहीत, मी रुग्ण नाही, आणि त्यांची नोंदवही त्यांच्याकडं आहे. पेपर कोण वाचतं? कुणी नाही. मी गेल्या आठवड्यात गेलो होतो तिच्याकडं, मागच्या दारानं, तर ती टेबलाशी बसलेली, पुढ्यात एक फॉर्म. ईरीला एक वृद्धाश्रम आहे, नव्वद मैल लांब, तिथं मशीन इमारतीतच असतं. लिफ्टनं खाली गेलं की झालं. एक जागा रिकामी होतेय. म्हणाली, माझा हात चालत नाही लेन, तुझं अक्षर चांगलं आहे, तू भर. मी म्हटलं, रेकडं व्हॅन तयार होतेय दहा दिवसांत. ती म्हणाली, मला आता त्या गाडीत बसायचं नाही. शांतपणे म्हणाली. मग मी काय करणार, माझं कामच ते, भरला. नाव, जन्मतारीख, जवळचा नातेवाईक — कुणी नाही — तातडीच्या वेळी कुणाला कळवावं, तिथं ती म्हणाली तुझंच नाव घाल, आणखी कुणाचं घालणार. एकही खाडाखोड नाही. सही तिनं डाव्या हातानं केली, लहान मुलीसारखी. मी म्हटलं, टाकतो पोस्टात, जाता जाताच आहे पेटी.

तो रे हात पुसतोय, तुमचंच काम झालं असेल. जा. टायरचे पैसे देण्याआधी पावती मागा, तारीख घालून मागा. नाही, मला काही नको, मी बसतो, ब्रेकमधली हवा काढायची राहिलीय अजून, ते मला स्वतः बघायचंय. मग पुढच्या बुधवारी चेट आणि मी रिकामी गाडी त्या उतारावरून दहा वेळा नेणार आहोत, तिच्या खिडकीसमोरून, तिला दिसेल अशी. ती रोज विचारते, ईरीहून काही आलं का. मी सांगतो, अशा कामांना वेळ लागतो. खोटं नाही ते. फॉर्म शर्टाच्या नव्हे, कोटाच्या आतल्या खिशात आहे, तिकीट लावलेला, घडी न मोडता. अर्ज प्रलंबित आहे.