शेवटची खुर्ची

मार्गो : ओळख काय करून देऊ, ट्रेव्हर? सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होतास तू!

ट्रेव्हर : नियम आहे, मार्गो. उमेदवाराला आपण ओळखतच नाही, असं धरून मुलाखत घ्यायची.

मार्गो : बरं. मी मार्गो लिंडक्विस्ट. वय बावन्न, धंदा प्रोग्रॅमिंग. मार्चमध्ये तुमच्या कंपनीने मला 'जड अंतःकरणाने' काढलं आणि जूनमध्ये त्याच जागेची जाहिरात दिली. आजची ही चौथी फेरी. खाली दारावर छातीला 'पाहुणा' अशी चिठ्ठी चिकटवली.

ट्रेव्हर : मागची कंपनी सोडण्याचं कारण?

मार्गो : मी कुठे सोडली? तिनेच मला सोडलं.

ट्रेव्हर : तसा रकाना नाही. 'नव्या संधींचा शोध' लिहितो. आणि इथेच का यावंसं वाटतंय?

मार्गो : माझ्या नवऱ्याच्या, कार्लच्या हृदयाची झडप बदलायचीय, बारा नोव्हेंबरला. आणि जुन्या नोकरीतून मिळालेला आमचा विमा ऑक्टोबरअखेर संपतो.

ट्रेव्हर : 'कंपनीच्या ध्येयाने भारावून.'

मार्गो : लिही बाबा.

ट्रेव्हर : आता प्रश्न. नाटकाची एकच खुर्ची उरलीय. दोन गिऱ्हाइकं एकाच क्षणी तिकीट काढायला येतात. ती दोघांनाही विकली जाऊ नये म्हणून प्रोग्रॅम कसा लिहाल?

मार्गो : अरे, हा प्रश्न तर मीच काढलेला!

ट्रेव्हर : हळू बोला! प्रश्न आधी माहीत असला तर मुलाखत रद्द होते. पुढे वर्षभर अर्ज करता येत नाही.

मार्गो : असं होय? मग आत्ताच ऐकतेय. काय सुंदर प्रश्न आहे! कुणा हुशार बाईचं काम दिसतंय.

(मार्गो उठून फळ्यावर लिहू लागते.)

मार्गो : आधी खुर्ची एकाच्या नावावर अडवायची. मग पैसे घ्यायचे. पैसे आले नाहीत, तर मोकळी करायची.

ट्रेव्हर : अं... माझ्या कागदावर नमुना उत्तर वेगळं आहे. 'खुर्ची रिकामी आहे का पाहावं, पैसे घ्यावेत, मग खुर्ची द्यावी.'

मार्गो : ते माझंच जुनं उत्तर, साफ चुकलेलं. पाहणं आणि देणं यांच्या मधे दुसरा घुसतो. त्या नाताळात आपल्या कंपनीने विकलेल्या एकेका खुर्चीवर दोन-दोन माणसं बसायला आली, विसरलास? एका आजोबांनी फोनवर तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

ट्रेव्हर : विसरेन कसा? पण प्रोग्रॅम आपण सुधारला ना.

मार्गो : आपण?

ट्रेव्हर : तुम्ही सुधारलात. कागद तेवढा राहिला.

मार्गो : मग तो सुधार आता.

ट्रेव्हर : प्रश्न काढणाऱ्याची मंजुरी लागते.

मार्गो : समोर उभी आहे की ती!

ट्रेव्हर : ती कंपनीच्या नोकरीत असावी लागते.

मार्गो : धन्य आहात.

ट्रेव्हर : उत्तर कागदाशी जुळलं नाही, तर मला 'नको' लिहावं लागेल. एक 'नको' आला की खेळ खलास. नऊ मिनिटं उरलीत, मार्गो. ते... फळा पुसायचं फडकं तिथे खिडकीत आहे.

मार्गो : चुकीचं लिहायला सांगतोयस मला?

ट्रेव्हर : मी कुठे काय सांगितलं? फडकं कुठे आहे ते सांगितलं.

मार्गो : ...बारा नोव्हेंबर. दे इकडे. 'खुर्ची रिकामी आहे का पाहावं.' पुढे?

ट्रेव्हर : 'पैसे घ्यावेत.'

मार्गो : 'मग खुर्ची द्यावी.' झालं समाधान?

ट्रेव्हर : तंतोतंत! 'उमेदवाराचा पाया पक्का' असा शेरा मारतो.

मार्गो : आता कोण येणार?

ट्रेव्हर : पाचवी फेरी, मूल्यांची. सगळे विरोधात असताना तुम्ही खऱ्याच्या बाजूने उभ्या राहिलात, असा एखादा प्रसंग विचारतात.

मार्गो : पाणी मिळेल का रे जरा?