कोंबडीची जुनी जागा

वाशीम. रॉकेलची रांग. पुढे सुगराबी, मागे तिच्या घराशेजारी नवा बंगला बांधलेल्या ओव्हरसियरची बायको.

"सुगराबी, तुमची कोंबडी आजही माझ्या स्वयंपाकघरात अंडं घालून गेली."

"तिथं आधी आमचा उकिरडा होता, बाई. आमी समदे सरकलो, तिनं जागा सोडली नाई."

"अहो, पण तिथं आता ओटा आहे ना!"

"कोंबडीले कोन समजावन? भांडन नको. एकच उरली हाय, पन इकून टाकतो तिले बजारात."

"विकायचं काय त्यात! सासूबाई आल्यात, त्यांचं सोवळं असतं. तेवढे दिवस डालून ठेवा."

"अन् थ्या गेल्यावर?"

"सोडा की. ओट्याखाली टोपलीत गवत घालून ठेवलंय मी."