शिक्का मारायला गेलेले गावंडे सर

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या. सतरंजीवर जागा आहे.

मला भाषण येत नाही. दारव्ह्याच्या बाजारात बसून मी जन्मभर लोकांचं ऐकत आलो. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग एसटीडीचं बूथ टाकलं, आता मोबाईल विकतो. पण जे मला सांगायचं आहे ते सांगणारं आता दुसरं कोणी उरलं नाही.

आत्ता या शोकसभेत तिघं बोलले. फार चांगलं बोलले. सरांचं इंग्रजी, सरांचं अक्षर, सरांचा हसरा स्वभाव. आणि तिघांनीही एक वाक्य हळूच टाकलं. 'बाहेरदेशात मात्र सरांचं जमलं नाही.' मंडळी, त्या एका वाक्यासाठी मी उभा आहे.

सर थायलंडला कायले गेले? हौस होती का? विनाअनुदानित कॉलेजात नऊ वर्षं शिकवलं, पगार आज होईल, उद्या होईल. घर चालायचं शिकवणीवर. आणि कापसाचा भाव पडला की आपल्या गावात सगळ्यात आधी काय बंद होतं? शिकवणी. त्या वर्षी सरांच्या ओसरीतली गर्दी दिवाळीनंतर चार पोरांवर आली. तेवढ्यात नागपूरचा एक एजंट भेटला. म्हणाला, इंग्रजी शिकवायचं, खोली शाळेची, पगार बारा महिने, कामाचा परवाना शाळा काढणार. सर गेले.

दर रविवारी सकाळी बूथवर त्यांचा फोन यायचा. "रफीकभाई, सुनंदाला बोलवा, मी दहा मिनिटांनी लावतो." पण फोन ठेवण्याआधी मिनिटभर ते माझ्याशी बोलायचे. त्या एका मिनिटात सर मला खरं सांगायचे. आणि दहा मिनिटांनी सुनंदावहिनींना खोटं.

खरं काय होतं? खोली एक आणि शिक्षक चार. पगार दहाच महिन्यांचा, सुट्टीत तुमचं तुम्ही बघा. परवाना काढलाच नव्हता. म्हणून पर्यटकाचा व्हिसा, आणि तो वाढवायला दर तीन महिन्यांनी दिवसभर बसमध्ये बसून सरहद्दीवर जायचं, पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा आणि परत यायचं, भाडं स्वतःचं. एरवी पासपोर्ट शाळेच्या कपाटात, किल्ली मॅनेजरच्या खिशात.

एकदा म्हणाले, "एक गोरा पोरगा आला हाये. पदवी नाही, पण पगार माझ्या दुप्पट. अन् त्याचे पाठ मीच लिहून देतो."

मी म्हटलं, "काहून देता हो?"

"तो चुकीचं शिकवते ना! पोरांचा काय गुन्हा?"

शाळेनं त्यांना सांगून ठेवलं होतं, पालकांनी विचारलं तर लंडनचा आहे म्हणायचं. मी विचारलं, "मग काय सांगता?" सर म्हणाले, "म्या सांगून टाकलं, लंडन पाह्यलं नाही, आमच्याकडचं लाडखेड पाह्यलं हाये." आणि हसले. असे हसले की माझ्या कानाशी धरलेला रिसीव्हर हलला.

दीड वर्ष असं गेलं. मग शाळेला कळलं की हा माणूस कामाचा आहे. नवा करार पुढे केला. दोन वर्षं, पगार वाढवून, स्वतंत्र खोली, परवाना. ज्यासाठी ते गेले होते ते सगळं. सरांनी वहिनींना विचारलं, "सही करू का?" वहिनी म्हणाल्या, "करून टाका. इथं सगळं बरं हाये."

आता माझी चूक ऐका. कॅबिनमधलं बोलणं कॅबिनमध्ये राहतं, हा बूथवाल्याचा धर्म. पण पंखा नव्हता, दार उघडं राहायचं, आणि अल्लाहनं मला हे कान दिले. त्याच आठवड्यात वहिनी बूथवरून त्यांच्या बहिणीशी बोलल्या. वहिनींना गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. "त्याईले सांगू नको," त्या म्हणाल्या, "ते सही करून राह्यले."

रविवारी फोन आला. "सुनंदाला बोलवा." मी म्हटलं, "थांबा सर. आधी ऐका." आणि सांगून टाकलं.

सर म्हणाले, "आज तिला बोलवू नका. अन् तुम्ही सांगितलं हे तिला कधी सांगू नका. 'ते माझ्यापायी आले', हे वझं तिच्यावर नको."

सरांनी शिक्का मारायला जायचं म्हणून कपाटातून पासपोर्ट मागून घेतला. आणि सरहद्दीची बस सोडून विमानतळाची बस धरली. अंगावरचे कपडे आणि एक पिशवी. शेवटचा पगार तिथंच राहिला. वहिनींच्या ऑपरेशनला ते जवळ होते; घरी आणि गावात मात्र एवढंच सांगितलं, 'तिकडं जमलं नाही.'

मंडळी, ते खरंच पळून आले. पण कशापासून नाही. कोणाकडे तरी पळून आले.

गावानं काय म्हटलं? 'गेला मोठा फॉरेनला, आला पळून.' पानठेल्यावर त्यांची नक्कल व्हायची. मीही तिथं उभा असायचो, मंडळी. मीही हसलो आहे. तोंड उघडलं असतं तर दिलेला शब्द मोडला असता, असं मी स्वतःला सांगायचो. हसायचं नाही, एवढं तर करता आलं असतं ना?

आज सकाळी मी वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "रफीकभाऊ, सात वर्षं मी त्याईले टोचत राह्यले. थांबले असते तर घर झालं असतं, असं म्हणत राह्यले. एकदाही नाही बोलले ते." मी उठलो तर म्हणाल्या, "सभेत सांगा. माझ्यासमोर सांगा."

वहिनी, सांगितलं.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. ज्यांनी ज्यांनी सरांना पळपुटे म्हटलं, त्यांनी मान जरा जास्त खाली घातली तरी चालेल. कोणी कोणाकडे बघणार नाही. माझीही मान खालीच असेल.

उठा, मंडळी.