सातव्या जागेवरच्या दोन गोळ्या

...वाढतो हो, वाढतो, वाडगी धरून जरा उभे राहा. आणि वर मलाच विचारतात, प्रोफेसर, ऐन वेळी बंदूक उघडी कशी? आता काय सांगायचं? मी चुकत असेन, पण विचार करणं हा काही गुन्हा नाही.

तुम्हाला सांगतो, मूस म्हणजे ससा नव्हे, कपाटाएवढं हरीण! तांब्याची गोळी मारावी तर आरपार जाते, पण आत फुललीच नाही तर? जनावर दलदलीत जाऊन तडफडणार. शिशाची मारावी तर छान फुलते, पण तिचा विषारी चुरा मटणात, आणि ते मटण गावातली पोरं खाणार... धातुशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाला झोप कशी लागावी? म्हणून उन्हाळाभर सौनात, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, वर्तमानपत्रांचे गठ्ठे भिजवले, अंगणात नेऊन त्यांत गोळ्या झाडल्या, परत काढून तोलल्या. एक निधनवार्तांपर्यंत गेली, दुसरी खेळाच्या पानावरच अडली. यातून निष्कर्ष काय? बायको म्हणाली, "एवढाच, की दोन महिने आपण आंघोळ केलेली नाही."

त्यात तो ताइस्तो, आमचा शिकारप्रमुख, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. सप्टेंबरात सगळ्यांदेखत म्हणाला, "प्रोफेसर, दोन वर्षांत तुमच्यासमोरून तीन मूस चालत गेले. यंदा चौथा गेला तर शिकाऱ्यांच्या रांगेतली सातवी जागा माझ्या जावयाला, आणि तुम्ही सुपाच्या पातेल्यापाशी." एकतीस वर्षं मी त्या सातव्या जागेवर उभा राहतोय हो, तिथला प्रत्येक बुंधा मला ओळखतो!

शनिवारी मूस हाकणाऱ्या कुत्र्याचं भुंकणं जवळ येऊ लागलं. बंदुकीत तांब्याची गोळी. मग वाटलं, मधे बर्चची झुडपं आहेत, डहाळी लागून गोळी फिरली तर? काढली, शिशाची घातली. मग पोरं आठवली. तीही काढली... आणि मूस बाहेर आला. चाळीस पावलांवर, बाजू माझ्याकडे करून, नेमबाजीच्या परीक्षेतल्या चित्रासारखा उभा! माझ्या डाव्या हातात तांबं, उजव्या हातात शिसं, कोपरात उघडी, रिकामी बंदूक. त्याने आधी हा हात बघितला, मग तो. मी चुकत असेन, पण तोही विचारात पडल्यासारखा दिसला. मग सावकाश आठव्या जागेकडे निघून गेला.

आठवीवर रायली. चौऱ्याहत्तर वर्षांची, पोस्टातून निवृत्त झालेली. एकच बार, आणि मूस वीस पावलंही गेला नाही. लोक मूस बघायला धावले, मी गोळी बघायला. पलीकडच्या कातडीखाली सापडली... काय सांगू तुम्हाला, अळंबीसारखी फुललेली, तुकडाही न सांडता! तराजूवर ठेवली तर वजन जवळजवळ जसंच्या तसं. उन्हाळाभर मी जी शोधत होतो, ती हीच. विचारलं, "रायली, कुठली गं ही?"

"अरे, तुझीच. भरवशाची नाही म्हणून गेल्या वर्षी अख्खा डबा मला देऊन टाकलास ना?"

तर असा मी इथे, एप्रन बांधून. तिकडे ताइस्तोचा जावई सातव्या जागेवरचे माझे बुंधे मोजतोय, आणि इथे मला एकच प्रश्न पडलाय, मीठ बटाट्यांच्या आधी घालायचं की नंतर? मी चुकत असेन, म्हणून दोन पातेली चढवलीत. तुम्ही डावीकडच्यातलं घ्या... की उजवीकडच्यातलं? जरा थांबा.