दोन तांबे पाणी

या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय नानासो, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, माझे सहकारी डॉक्टर, सर्व सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, विटा-आटपाडीहून मुद्दाम आलेले पाहुणे, आणि ज्यांना निरोप द्यायला आज जीभ वळत नाही त्या आम्रपाली सिस्टर,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षांची नोकरी पाच मिनिटांत कशी सांगायची? म्हणून एकाच दुपारचं सांगतो.

सन पंच्याण्णव, मार्च महिना. मी, उदयसिंह घोरपडे, नुकताच इथं रुजू झालो होतो. कोटाची इस्त्री अजून मोडली नव्हती. आटपाडीजवळच्या एका वाडीतून जीपमधून संयोगिता आली. वय बावीस. नवरा फौजेत, आसामात. दोन महिन्यांचे दिवस गेलेले आणि सकाळपासून अंगावरून जात होतं. आदल्या वर्षीही एकदा पोट पडलेलं. सोबत सासू, रंगुबाई.

मी तपासलं, रक्ताच्या गाठी पाहिल्या आणि माझं मत ठरवून मोकळा झालो.

"आवं डाक्टर, ऱ्हायलंय का गेलं, येवडंच सांगा," रंगुबाई म्हणाल्या.

"गेलं, मावशी. पिशवी साफ करावी लागेल."

संयोगितानं भिंतीकडं तोंड वळवलं.

अर्ध्या तासानं आम्रपाली सिस्टर आल्या. "सर, पेशंटनं पाणी प्यायलंय."

"कुणी दिलं?"

"मी. दोन तांबे. आता सहा तास भूल देता येणार नाही. नाडी चांगली आहे, रक्त ओसरलंय, मी दर दहा मिनिटांनी बघतेय. लघवी धरून ठेवायला सांगितलीय, म्हणजे सोनोग्राफीत नीट दिसेल. एकदा बघू या की."

मंडळी, मी काय केलं असेल? सगळ्या वॉर्डासमोर त्यांना बोललो. "डॉक्टर तुम्ही आहात का मी?" असं विचारलं. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या बाईंना!

 आपलं ते सोनोग्राफीचं अवजड मशीन तोवर कधी त्याच्या खोलीबाहेर पडलं नव्हतं. सिस्टरांनी ते ढकलत ढकलत वॉर्डात, संयोगिताच्या खाटेशी आणलं आणि उजेड अडवायला खिडकीवर चादर लावली.

मी रागानंच तपासायला घेतलं. आणि हात थांबला. पडद्यावर शेंगदाण्याएवढी आकृती होती, आणि तिच्यात एक ठिपका भराभर लुकलुकत होता.

"त्ये काय हलतंय?" संयोगितानं विचारलं.

 सिस्टर तिच्या कानाशी वाकल्या. "तुझ्या बाळाचं काळीज हाय, बाय. चालू हाय."

रंगुबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "आवं, हळू बोला समदी. दचकंल त्ये."

खरं सांगतो, आम्ही सगळे कुजबुजायला लागलो.

धोका लगेच टळला नव्हता. पंधरा दिवस संयोगिता इथंच पडून होती. रोज ड्युटी संपली की सिस्टर तिच्यापाशी बसत, तिची पत्रं लिहून देत. हळूहळू रक्त थांबलं. ऑक्टोबरात मुलगी झाली. आसामला तार सिस्टरांनीच केली.

त्यानंतर आपल्याकडं नियम झाला, की खाटेशी मशीन आणून पाहिल्याशिवाय पिशवी साफ करायची नाही. त्याबद्दल संस्थेनं माझा सत्कार केला. नारळ मी घेतला, शाल मी पांघरली. कारण केसपेपरवर सिस्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'डॉक्टरांच्या सांगण्यावरून खाटेशी सोनोग्राफी केली.' मी तसं सांगितलं नव्हतं. आणि चार वर्षं मी हे कुणालाही बोललो नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या दुपारी मी जे बोललो, ते पोटात घालायचं की नाही, हे मात्र एकट्या सिस्टरांनी ठरवावं.

सिस्टर, माझं चुकलं. हे मी तेव्हाच, त्याच वॉर्डात, सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं.