माळाकोळीच्या अलीकडं

हाव, होते. मामंजी होते तिथं. तुम्ही कवापासून आडून-आडून विचारायलाव मावशी, म्हणून सरळच सांगते — होते, अन् लांब उभे नव्हते, माझ्या पाठीशीच होते. झालं समाधान? — न्हाई न्हाई, बसा की. लगेच कशाला उठता? आत्याबाई मोंढ्यात गेल्यात डबा घेऊन, येतील इतक्यात. तुमची बहीणच हाय ती, तिला न भेटता उदगीरला जाता का? लेकरू आत्ताच डोळा लागून पडलंय, जरा हळू बोलू एवढंच. — डबा कशाला म्हणजे? मामंजी घरी जेवत न्हाईत म्हणून. आठवडा होत आला, आडतीच्या दुकानातच झोपायलेत, पोत्यांच्या थप्पीशेजारी. काम लई हाय म्हणतात. सोयाबीनचा हंगाम हाय, खरं हाय — पण हंगाम काय यंदाच आलाय का? दरवर्षी येतो, अन् दरवर्षी मामंजी जेवायला घरीच येतात. परवा बारसं हाय. स्वामी येणार, लेकराच्या गळ्यात लिंग बांधणार — आज्याच्या मांडीवर बसवून बांधायचं तर आज्याच म्हणायलाय, मी न्हाई येत, दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसवा. आत्याबाई रोज डबा नेतात अन् रोज डोळे पुसत येतात.

तुम्हाला ठाऊक हाय मामंजी कसे हाईत ते. तुमचे भावजीच हाईत. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्याशी एक शब्द सरळ बोलले न्हाईत — राग म्हणून न्हाई हो, रीत म्हणून. पाणी पाहिजे असलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून म्हणणार, 'पाणी मिळतंय का घरात?' मग मी पदर सावरून तांब्या ठेवायचा अन् मागं सरायचं. असं सगळं. तरी पहिल्याच्या वेळी — पहिल्या बाळंतपणाला मी देगलूरला माहेरी गेले होते — ते लेकरू रडलंच न्हाई. पोटातून आलं ते गप्पच आलं. तुम्ही आला होता तेव्हा भेटायला, तुम्हाला माहीत हाय. मामंजी देगलूरला येऊन माझ्या वडलांजवळ ओसरीवर दिवसभर बसले, चहाला बी हात लावला न्हाई. जाताना तेवढं म्हणले, मला न्हाई, माझ्या मायला — 'लेकीला म्हणावं, घर वाट बघायलंय तिची.' एवढंच. मी आतून ऐकलं. माय म्हणली, दुसऱ्या कुणाच्या घरी असं म्हणत न्हाईत, पांढऱ्या पायाची म्हणतात.

म्हणून या खेपेला मी माहेरी गेलेच न्हाई. आत्याबाई म्हणल्या, 'माझ्या डोळ्यासमोर राहा,' अन् राहिले. सगळं नीट होतं. त्या दिवशी दुपारी पायावर लई सूज आली, डोकं ठणकायलं, डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं अन् त्यांचा चेहराच बदलला — इथं अहमदपूरला ठेवू नका, नांदेडला न्या, तिथं लेकराला ठेवायची काचेची पेटी हाय, लागली तर. मग ह्यांनी दुकानाची पिकअप काढली, मागच्या हौद्यात गादी टाकली, मी अन् आत्याबाई मागं, पुढं हे अन् मामंजी. धान्याचा वास, धूळ, वरून ताडपत्री — मी म्हणलं जाऊ दे, तासा-दीड तासाचा तर रस्ता हाय, लोहा आलं की अर्धं झालं, विष्णुपुरी आली की पोचलोच. लोहा कुटलं! माळाकोळीच्या अलीकडंच गाडी थांबली. उसाची ट्रॉली पलटी झालेली, इकडून तिकडं रस्ताभर ऊस, मागं ट्रका, पुढं ट्रका, एक एसटी अडकलेली. अन् माझ्या कळा — मावशी, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही बी लेकरं काढलीत पोटातून. पण त्या कळा थांबायचं नावच घेईनात. हे उतरून पळाले, ट्रॉलीच्या पलीकडं एखादी गाडी, ॲम्ब्युलन्स काही मिळते का बघायला. फोन तर लावूनच राहिले होते, पण रस्ता बंद म्हणल्यावर येणारा येणार कुठून? हे गेले अन् पाणी फुटलं.

आत्याबाई घाबरल्या. म्हणल्या, 'मी चार लेकरं जन्माला घातली गं, पण काढलं एक बी न्हाई.' मी त्याही वेळी हसले, इमानानं. एसटीतल्या दोघी-तिघी बाया उतरल्या, त्यांनी चादरी धरल्या हौद्याभोवती — देव त्यांचं भलं करो — पण वर चढून हात लावायला कुणी धजेना. उगं काही झालं तर आपल्यावर येतं, न्हाई का? त्यांचं बी चुकलं न्हाई. त्यांच्यातलीच एक उदगीरची होती न? तिनंच सांगितलं तुम्हाला? — बरं, राहू द्या. मला नुसतं आडवं पडून जोर लावता येईना, पाठ कुठं टेकावी तर लोखंड. आत्याबाई पुढं बसलेल्या, त्यांनी इकडं बघावं का तिकडं? मामंजी लांब बाभळीखाली पाठ करून उभे. आत्याबाई ओरडल्या, 'अहो, वर या. पाठीला आधार द्या हिच्या.' ते तिथूनच म्हणतात, 'सुनेजवळ कसं येऊ मी?' तवा तुमची बहीण जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई — म्हणली, 'सून असली तर तिथंच उभे राहा. लेक असली तर या. न्हाईतर पुन्हा देगलूर व्हईल.'

आले. टोपी काढून खिशात घातली, अन् आले. माझ्या मागं बसले, मला छातीला टेकवून घेतलं, डोळे गच्च मिटलेले. हे सांगितलं का तुमच्या त्या बाईनं? डोळे मिटलेले होते, अन् 'शिवा, शिवा' चालू होतं कानाशी. मी हात मागं टाकला, हाताला जे लागलं ते धरलं, कॉलर, गळ्यातला दोरा — न्हाई, काही न्हाई, शर्टाचं बटन तुटलं, एवढंच. मी 'आई' म्हणायच्या ठिकाणी 'अप्पा' म्हणून ओरडले म्हणे, हे त्यांना हाक मारतात तसं. मला आठवत न्हाई. त्यांचं आठवतंय — पहिल्यांदा माझं नाव घेतलं त्यांनी. 'मंजू, घाबरू नको. मी हाय.' कॅलेंडरला न्हाई, मला.

अन् लेकरू आलं. आलं अन् — गप्प. मावशी, ट्रकवाल्यांचे हॉर्न बी मला ऐकू येईनात. मला वाटलं तेच. तेच पुन्हा. आत्याबाई लेकरू मांडीवर घेऊन नुसत्या बघत बसल्या, निळं-निळं पडायलं होतं. मामंजींनी डोळे उघडले. टावेलानं तोंड पुसायले, पाठ चोळायले, एका हातानं — डावा हात मिटलेला. आत्याबाई म्हणल्या, 'दोन्ही हात लावा की! मुठीत काय सोनं धरलंय का?' मामंजींनी माझ्याकडं बघितलं, अन् मूठ माझ्या हातात उघडली, म्हणले, 'धर, घट्ट,' अन् दोन्ही हातांनी लेकरू उचललं —

काय होतं? काय असणार. — हाव, तेच. तुम्हाला कळलंच. आता तोंडातून निघालंय तर ऐका पूर्ण. बटन न्हाई तुटलं. शिवदोरा तुटला, माझ्या हातानं. गळ्यातलं लिंग सुटून खाली चाललं होतं, ते त्यांनी डाव्या हातात झेललं अन् मूठ मिटली, पूजेला धरतात तसं डाव्या तळहातावर. माझ्या पाठीला एका हातानं आधार देऊन बसले होते तितका वेळ. कुणाला सांगितलं न्हाई. आत्याबाईंना आजतागायत माहीत न्हाई. जे लिंग ते अंघोळीला बी अंगावेगळं करत न्हाईत, ज्याला घरातल्या माणसाचा हात लागू देत न्हाईत, ते त्यांनी माझ्या हातात दिलं — रक्तानं माखलेल्या बाळंतिणीच्या हातात. अन् मग दोन्ही हातांनी लेकराला उलटं धरलं, पाठीवर थापटलं, चोळलं, बोलत होते तिच्याशी, 'ये माय, ये, ये' — अन् ती रडली. कसली रडली! पलीकडच्या रांगेतल्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. हे पळत आले ते आवाज ऐकूनच, मागं ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन उसावरून चालत आली. नांदेडला पोचेपर्यंत लिंग माझ्याच मुठीत होतं. मला सोडवेना. दवाखान्याच्या पायरीवर मामंजींनी हात पुढं केला तेव्हा दिलं. स्वामींनी येऊन नवा दोरा घालेस्तोवर त्यांनी पाण्याचा घोट घेतला न्हाई, ते बी मला एकटीलाच माहीत.

तोंडाला पदर कशाला लावता? विटाळ? मावशी, दर सोमवारी मठात बायकांना बसवून तुम्हीच सांगता न, लिंगवंताला विटाळ न्हाई, सुतक न्हाई, शरणांनी ते कधीच मोडून टाकलं म्हणून? मी स्वतः ऐकलंय. का ते फक्त मठात?

मी हे कुणाला सांगणार नव्हते. तुम्हाला तर न्हाईच. तुम्हाला नुसता चहा द्यायचा अन् वाटेला लावायचं, असं ठरवलं होतं. मला ठाऊक हाय मामंजी घरी कामून येईनात ते. दुकानात फोन आला त्यांना — 'रेवणप्पा, आडत बंद करून आता बाळंतपणं करायलाव का? सुनेची झाली, आता कुणाची?' फोन स्पीकरवर होता, आमचा सोमेश बाजूला बसून पोती मोजत होता, माझा धाकटा दीर. त्यानं आवाज ओळखला. काकांचा होता, तुमच्या मालकांचा. अन् काकांच्या मागून कोण हसत होतं, ते बी त्यानं ओळखलं. मामंजींनी फोन ठेवला, हिशेबाला बसले, अन् त्या दिवसापासून उंबरा चढले न्हाईत. त्यांना वाटतंय, आपण घरात आलो की मला लाज वाटंल. मला! ज्या माणसानं —

न्हाई, तुम्ही बोलू नका आता. मला ऐकायचं न्हाई. सांगायचं असलं तर सांगा, मठात सांगा, उदगीरच्या चौकात सांगा, पण माझ्या हातात काय होतं ते बी सांगा.

उठलात? बरं झालं. मी बी उठायलेय. टाके दुखतात, दुखू द्या. हिला दुपट्यात गुंडाळते, कानाला बांधते — हाव, बारसं व्हायच्या आत बाळंतीण बाहेर पडत न्हाई, माहीत हाय मला. मी पडायलेय. मोंढ्यात जायलेय, मधोमध, सगळे आडतीवाले, हमाल, गाडीवाले बघतील तिथून. त्यांच्या मांडीवर ठेवणार अन् म्हणणार, अप्पा, घरी चला. अन् नाव बी तिथंच विचारणार, सगळ्यांसमोर, ते ठेवतील तेच ठेवायचं.

ये गं माय. झोप, झोप… मावशी, दारातून सरका.